रेल्वेचा आस

निजामाच्या राज्यात मी पूर्णा जंक्शनवर पार्सल बाबू होतो. डब्यांची चाकं तपासणाऱ्या फिटरला आम्ही मामा म्हणायचो. चाकावर हातोडी मारायची आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचा, ही त्यांची रीत. दोन चाकं जोडणाऱ्या लोखंडी दांड्याला ते बैलगाडीसारखं ‘आस’च म्हणायचे.

नवे साहेब एकदा सगळ्यांदेखत हसले. “बैलगाडी हाँकते थे क्या? एक्सल बोलो!”

तेव्हापासून मामा साहेबांसमोर बोलेनासेच झाले. मी त्यांना म्हणालो, “मामा, संस्कृतातल्या ‘अक्ष’पासून आपला आस आला. इंग्रजांचा एक्सलही त्याच जुन्या कुळातला आहे.”

“म्हंजी सायबाचा शबुद आमचा भाऊबंदच हाय की!” मामा कितीतरी वेळ हसत राहिले.

पुढच्याच आठवड्यात, प्रवाशांनी भरलेली गाडी सुटायच्या वेळी ते इंजिनासमोर उभे राहिले. “सायेब, मधल्या डब्याचा आवाज फुटका यायलाय. आस तडकलाय. गाडी जाऊ देनार न्हाई.”

साहेबांनी नोकरीची धमकी दिली, तरी मामा हलले नाहीत. शेवटी तो डबा रिकामा करून तपासला. आसाला नख जाईल एवढी भेग होती.

साहेब वाकून ती भेग बघत राहिले. उतरावं लागलं म्हणून एक म्हातारी मामांना शिव्या देत होती, आणि मामा तिचं गाठोडं दुसऱ्या डब्यात चढवत होते.