एकाच हाताच्या तीन पिढ्या

बी.ए. झाल्यावर मी नोकरीसाठी चांद्याला गेलो. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावातून तोवर मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. हेडमास्तरांनी आपला कोट मला घालायला दिला होता. बाह्या बोटांपर्यंत यायच्या, पण ते उपकार मी आजही विसरलेलो नाही.

चांद्याला तेव्हा लाकडाच्या एका जुन्या गोदामात नवं संग्रहालय उभं राहत होतं. आलेल्या लोकांना माहिती सांगायला तिथे एक पदवीधर हवा होता. तिथले साहेब नागपूरचे. माझी पदवी त्यांनी पाहिलीच नाही. वडील काय करतात, एवढंच विचारलं.

"तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करतात," मी म्हणालो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलं चाकांवरचे बैल ओढत घरोघर फिरतात, ते बैल.

साहेब खुर्चीत सरळ झाले. "आणि आजोबा?"

"तलावात मासे धरायचे."

"फावल्या वेळात काही कोरत असतील."

"एकदा मासेमारीसाठी डोंगा कोरला होता."

"बघा! कोरणारच! रक्त आहे ते."

साहेबांना 'घराण्यातून उतरलेली कला' असं दालन करायचं होतं. भिंतीवर तक्ता तयार होता: आजा, बाप, लेक. खाली तीन चौथरे रिकामे. "तुमच्या घरचे तीन पिढ्यांचे तीन बैल आणा," ते म्हणाले. "मग माहिती सांगायला कलावंत घराण्यातलाच मुलगा उभा राहिलेला शोभेल."

खरं सांगायचं तर बाबा हे काम लाकडाच्या डेपोत मजुरी करताना सिरोंच्याकडच्या एका सुताराकडून शिकले. जाळं सोडून लाकूड तासतो म्हणून आजोबा त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते. आणि मी पटाशी हातात घेतली की आई बोट बांधायला चिंधी शोधायला धावायची.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाबांनी विचारलं, "नोकरी पक्की हाय का?"

"तसंच म्हणाले."

"मंग तुहा आजा बी बैल कोरते आता."

शिवणीचं लाकूड आलं. आजोबांचा बैल जुना दिसावा म्हणून तेल-हळद चोळून चुलीवर धुरात टांगला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मेलेला सासरा कामाले लागला, बाई! बसल्या जागी अख्खं खानदान पैदा करून राह्यले तुमी."

बाबांना घाम फुटला तो माझ्या बैलापाशी. तो नवशिक्याचा दिसायला हवा होता. बाबा मुद्दाम चुकायला बसायचे, आणि बैलाची मान अशी डौलदार उतरायची की तेच चिडायचे. शेवटी वाकस बाजूला ठेवून म्हणाले, "याचा एक कान राहू दे. शिकून राह्यला म्हणून सांग."

उद्घाटनाला साहेब वेताची छडी घेऊन उभे राहिले. "पहा, तिन्ही वशिंडांचं वळण एक! आजा गेला, पण हात गेला नाही!" टाळ्या पडल्या. धुतलेलं धोतर नेसून आलेल्या बाबांनीही वाजवल्या. साहेबांचं चुकलं नव्हतंच. हात एकच होता.

लोक पांगल्यावर मी जागेचं विचारलं. साहेबांच्या शेजारी नव्या पँटमधला एक तरुण उभा होता. तो त्यांचा भाचा, इंटरला अडकलेला.

"तुम्ही कलावंत माणसं," साहेब मला म्हणाले. "माहिती सांगत बसलात तर रक्तातली कला वाया जाईल. ते काम हा पाहील. तुम्ही इथे चटईवर बसून बैल कोरा, लोक बघतील. फक्त धोतर नेसा. कोट नको."

भाच्याचे आजोबा सरकारी नोकरीत, वडील सरकारी नोकरीत, मामा समोरच उभा. त्या दालनात तीन पिढ्यांची खरी परंपरा एवढीच होती, आणि नेमकी तीच तक्त्यावर नव्हती.

बाबांनी सगळं ऐकलं. मग चौथऱ्यांपाशी जाऊन एकेक बैल थैलीत भरला.

"अहो मिस्त्री, काय करताय?"

"पोळा आला, सायेब. पाहनं झालं ना तुमचं?"

"पण हा तुमच्या वडिलांचा ठेवा आहे!"

"मंग त्यायलेच इचारतो. हो म्हनले तं आनून देतो."

त्या तान्ह्या पोळ्याला तिन्ही बैल गावात फिरले, एककान्यासकट. कोट मी हेडमास्तरांना परत केला, तेव्हा त्यांनी मला आधी गडचिरोलीच्या शाळेत रुजू हो म्हणून सांगितलं आणि मग कोटाची घडी घातली.

दोन वर्षांनी शाळेतली मुलं घेऊन मी त्या संग्रहालयात गेलो. तक्ता जागेवर होता. चौथरे रिकामेच होते. भाचा छडी घेऊन पुढे आला आणि पहिल्या चौथऱ्यावरच्या हवेकडे बोट दाखवत म्हणाला, "पहा, तिन्ही वशिंडांचं वळण एक!"

मुलं वाकून वाकून बैल शोधू लागली. भाचा थांबला नाही. समोर काहीही नसताना असं न अडखळता बोलत राहणं शिकवून येत नाही. ते घरातूनच उतरावं लागतं.