पंपघराच्या दारातल्या दोन बादल्या

तानुबाईंना पंपघराच्या दारात अडवलं, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या होत्या.

१९७६ सालची खंडेनवमी. पलूसजवळ कृष्णाकाठच्या एका गावात पाणीपुरवठा संस्थेच्या पंपाला मी आदल्या दिवशी नवा स्टार्टर बसवला होता. आयटीआय संपून चारच महिने झाले होते. सांगलीच्या दुकानातली ती माझी पहिली नोकरी.

हा पंप पूर्वी तानुबाईंचे यजमान जोतीराम चालवायचे. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात मोटार वर काढताना ते वाहून गेले. संस्थेची मोटार वाचली. सासरच्यांनी तानुबाईंना आणि लहानग्या हौसाला खंडाळ्याकडच्या गावी नेलं. तिथं दिरानं हौसाची शाळा सोडवून तिला म्हशींमागं धाडलं. वर्षभर सोसून तानुबाई एका सकाळी लेकीचा हात धरून एसटीत बसल्या आणि इथं परत आल्या. नवऱ्याशेजारी बसून त्या पंप चालवायला शिकल्या होत्याच. 'गडी मिळेपर्यंत' म्हणून संस्थेनं त्यांना ठेवलं, पंपघरामागची खोली दिली. हौसा पुन्हा शाळेत जाऊ लागली. हजेरीपुस्तकात मात्र पंपचालक म्हणून नाव होतं चेअरमन दादासोंच्या पुतण्याचं, नाथाजीचं. बाईमाणसाचं नाव कसं लिहायचं? काम गेलं की खोली जाणार, खोली गेली की पुन्हा खंडाळा आणि म्हशी.

खंडेनवमीला हत्यारं-यंत्रं बंद ठेवून पुजायची आणि पूजा झाली की पहिलं बटण सवाष्णीनं दाबायचं, अशी तिथली रीत. पंप आदल्या संध्याकाळपासून बंद होता. तानुबाईंनीच तो घासूनपुसून लख्ख केला होता. आता त्याला झेंडूची माळ घातली होती, आणि दादासो दारात आडवे उभे होते.

"तानुबाई, तुमी भाईरच थांबा. पूजा हुंदे, मग या."

"थांबते की. पर आवं, आधी पंपात पानी भराया पायजे. खालचा व्हॉल्व गळतोय, रातीत समदं उतरलं आसंल."

नाथाजी हसला. "नदीतनं पानी वडणाऱ्या पंपाला हीच पानी पाजती! उद्या माशांनाबी पाजंल!"

सगळे हसले. त्या खरं बोलत होत्या. पंप कोरडा फिरवायचा नाही, आत पाणी नसेल तर तो नदीचं पाणी ओढत नाही, नुसता तापतो, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. तरी मी स्टार्टरचं झाकण पुसत राहिलो. त्याची लाज अजून गेलेली नाही.

दादासोंच्या पत्नी बनुबाईंनी नारळ वाढवून बटण दाबलं. मोटार किंचाळल्यासारखी फिरली. पाटात थेंब नाही. थोड्या वेळानं पंपाच्या दांड्यापाशी धूर निघाला, जळक्या दोरीचा वास सुटला. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

"काल दिसभर हिनंच हात लावलाय," नाथाजी म्हणाला. "पांढरं कपाळ! दुसरं काय हुनार?"

"उद्या दसरा झाला की खोली मोकळी करा," दादासो म्हणाले.

माझं डोकं भडकलं. "दादासो, पंपात पाणीच नाही! त्या तेच सांगत होत्या!" कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तानुबाई मात्र उंबरा ओलांडून आत आल्या. परवानगी मागितली नाही. गळती रोखायला दांड्याभोवती भरलेली दोरी जळली होती; ती काढून आम्ही दोघांनी नवी भरली. मग त्यांनी एक बादली पंपात ओतली, दुसरी ओतली. बुडबुडे थांबले. पंप तयार झाला. त्यांनी हात पुसले आणि पायरीवर हौसाशेजारी जाऊन बसल्या.

"बुकात ज्याचं नाव, त्यानं चालवावा."

नाथाजी पुढं झाला. व्हॉल्वच्या एका चाकाला हात लावला, सोडला, दुसरं फिरवलं; कुठलं कधी उघडायचं ते ठाऊक नव्हतं, मग माझ्याकडं बघितलं.

"मी स्टार्टर बसवायला आलोय," मी म्हणालो.

बाहेर शेतकरी खोळंबले होते. म्हातारा बिराप्पा ओरडला, "आवं दादासो, लिवा की नाव! बुकात काय पानी येतंय व्हय? ऊस वाळाय लागलाय!"

पुस्तक आलं. दादासोंनी कपाळाला आठ्या घालून लिहिलं. तिसरीतल्या हौसानं वाकून मोठ्यानं वाचलं, "तानुबाई जोतीराम, पंपचालक. आये, फुडं 'तात्पुरती' बी लिवलंय."

"खोडा त्ये," तानुबाई म्हणाल्या. जागच्या हलल्या नाहीत.

दादासोंनी खोडलं. मगच तानुबाईंनी उठून बटण दाबलं. पाटात पाणी फुटलं, तशी माणसं तिकडं पळाली. तिथं उरलेल्या बायकांना बनुबाईंनी हळदीकुंकू लावलं. तानुबाईंच्या पुढून करंडा तसाच सरकला. ज्यांच्या हातानं सगळ्या गावाचा ऊस जगतो, त्यांचं कपाळ अशुभ!

पुढल्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो. बटण पुन्हा बनुबाईंनीच दाबलं. तानुबाई हौसाला घेऊन बाहेर पायरीवर होत्या. दोन्ही बादल्या शेजारी पालथ्या घातलेल्या.

"उजाडायच्या आदीच भरून ठिवलाय," त्या मला हळूच म्हणाल्या. "त्यास्नी सांगू नगा. देवीनं पानी दिलं म्हनतील."

पाटात पाणी आलं. "देवीनं पानी दिलं!" म्हणत आत सगळ्यांनी हात जोडले.

"बग," तानुबाई हौसाला म्हणाल्या, "म्हनलेच व्हते."