टाक्यावरचा हात

सूतिकागृहातल्या थोरल्या सिस्टर म्हणजे तोंडाने फटकळ आणि कानाने तिखट. बाईच्या नुसत्या कण्हण्यावरून किती वेळ उरलाय ते हातातला चहा खाली न ठेवता सांगायच्या. स्वतःच्या दोन्ही बाळंतपणांत मात्र पोट कापावं लागलं होतं, आणि ती सल बावीस वर्षं झाली तरी गेली नव्हती. त्यामुळे पहिलं सिझर झालेली कुणी "या खेपेला नॉर्मलच" म्हणाली, की सिस्टर तिच्यासाठी डॉक्टरांशीही हुज्जत घालायच्या.

बेकरीवाली तशीच आली. पहिल्या वेळी तिला पूर्ण भूल दिलेली. "माझंच मूल मला सगळ्यांत शेवटी दिसलं हो," म्हणाली. डॉक्टर कबूल झाले, पण त्यांनी बजावलं, कळ ओसरल्यावरही जुन्या टाक्यावर दुखत राहिलं तर तत्काळ सांगायचं. आतला वण उसवला तर दोन्ही जिवांवर बेततं.

सकाळपासून सिस्टर विचारत होत्या, "मधे दुखतंय का गं?"

"छे हो!"

दुपारी कळ गेली, तरी तिचा हात ओटीपोटावरून हलेना. सिस्टरांनी हातातला चहा खाली ठेवला. "खरं सांग हं."

"तुमची शपथ, नाही."

बाळाचे ठोके ठणठणीत होते. आता थोडंच तर राहिलं होतं! डॉक्टरांना हाक मारायला वळलेल्या सिस्टर पुन्हा मागे फिरल्या.

अर्ध्या तासात मुलगी झाली. बेकरीवाली हसत होती, रडत होती. "जमलं! सिस्टर, मला जमलं!" इतकी तृप्त बाई सिस्टरांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. सवयीने त्यांनी मनगट धरलं, तर नाडी सुसाट. ओठ पांढरे पडत चाललेले, पोट फुगत चाललेलं. सिस्टर जिवाच्या आकांताने डॉक्टरांच्या नावाने ओरडल्या.

"सकाळपासून दुखत होतं," स्ट्रेचरवर ती पुटपुटली. "सांगितलं असतं तर कापलं असतंत." थिएटरच्या दारात तिने सिस्टरांचा हात दाबला. "तुम्हाला कळलं होतं ना? तरी गप्प राहिलात. फार उपकार झाले."

ती वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. दर वाढदिवसाला ती मुलीचा फोटो पाठवते, खाली लिहिते, 'सिस्टर, तुमच्यामुळे'. फोन वाजतो, आणि सिस्टर तो उपडा ठेवतात.