साखरेचं पोतं आणि क्लचची केबल

शुभांगीने क्लच दाबला आणि लिव्हर हँडलला जाऊन चिकटला, परत आलाच नाही. टेस्ट राइड संपवून ती गॅरेजच्या दारात वळत होती. गाडी गचका देऊन बंद पडली. तिने कशीबशी सावरली आणि हेल्मेट न काढताच म्हणाली, "काकू, गेलं."

मुलांनो, आजी या वयात गॅरेजमध्ये काय करते, असं तुम्ही फोनवर विचारता. हेच करते. कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागातून निवृत्त झाल्यावर मी तुमच्या आजोबांच्या पलूसच्या गॅरेजमध्ये बसू लागले. दुरुस्ती त्यांची, तपासणी माझी. मी ठीक म्हटल्याशिवाय गाडी दाराबाहेर जात नाही. त्यावरून आमचं रोज थोडं वाजतं, पण गिऱ्हाइकं टिकून आहेत.

तर शुभांगी. इथल्याच एका ऊस बागायतदाराची मुलगी. तिच्याकडे टूरिंग मोटरसायकल आहे, म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी: मोठी टाकी, समोर उंच काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. साताऱ्याच्या एका टूर कंपनीने तिला लीडर म्हणून घेतलं होतं. पुढे ती, मागे आठ गाड्या, साताऱ्याहून महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाट उतरून कोकणात. लीडरने स्वतःची गाडी आणायची, ही कंपनीची अट. आणि तिच्या वडिलांची, तात्यांची, अट वेगळी होती: "ही एक टूर नीट झाली तर पुढचं बोलू. न्हाईतर सांगलीत बँकेत चिकटायचं, आन् परत गाडीचं नाव काढायचं न्हाई." टूर परवा सकाळी निघणार होती. आणि क्लच गेला तो दिवस भाऊबीजेचा होता. तिच्यासाठी म्हणून आम्ही गॅरेज उघडलं होतं.

ऑइल बदललं होतं, ब्रेक पॅड नवे घातले होते, चेन साफ करून ताणली होती. राहिली होती फक्त माझी तपासणी, आणि तेवढ्यात हे.

क्लच ही इंजिनाची आणि चाकाची थोड्या वेळापुरती फारकत करणारी वस्तू आहे. ती झाल्याशिवाय गिअर बदलता येत नाही. हातातला लिव्हर आणि इंजिनातला क्लच यांना जोडते एक पोलादी तारांची केबल. केबलच्या टोकाला धातूचा छोटा मणी असतो, तो लिव्हरच्या खाचेत बसतो. लिव्हर दाबला की मण्याने त्या खाचेत जरा फिरायला हवं. तो ग्रीसवाचून जॅम झाला, तर प्रत्येक वेळी त्याच्या मानेशी तारा वाकतात आणि एकेक करून तुटतात.

आजोबांनी केबल ओढून काढली. मणी खाचेत, तारा बाहेर.

"कोरडा ठणठणीत हाय," ते म्हणाले. "ग्रीसचा टिपूस न्हाई."

"असं कसं?" शुभांगी म्हणाली. "मी स्वतः लावते, काका. दर राइडनंतर."

मी डीलरला फोन केला. "पुण्याहून येईल मॅडम, पण दिवाळी आहे. सुट्ट्या संपल्यावर बघू." आमच्याकडच्या साध्या गाड्यांच्या केबली लावून पाहिल्या, सगळ्या वीतभर तोकड्या. स्क्रूने आवळायचा तयार मणी होता. आजोबांनी तो पुढे केला, मी नको म्हणून मान हलवली.

"काकू, मला चालेल," शुभांगी म्हणाली. "साताऱ्यापर्यंत तरी."

"साताऱ्यापर्यंत जाईलही. आंबेनळीच्या उतारावर सुटला तर? मागे आठ जण असतील."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते आम्हाला दिसू नये म्हणून तिने हेल्मेटची काच पुसायला घेतली.

आजोबा एकदम म्हणाले, "भीमराव आलाय का गावाकडं?"

हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या ईशान्येला, विटा-आटपाडीच्या कोरड्या भागात, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा आहे. त्याला गलाई म्हणतात. ही माणसं त्यासाठी देशभर पांगली आहेत. कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफ कट्ट्यावर चौकशी करा, आमच्याकडचा कोणीतरी भट्टी पेटवून बसलेला सापडेल. भीमरावांचं दुकान केरळात आहे. दिवाळीला मात्र ते घरी असतात.

अर्ध्या तासात ते आपली पेटी घेऊन हजर झाले. अंगावर दिवाळीचा नवा शर्ट.

"वैनी, गळ्यातलं केलं, हातातलं केलं. मोटरसायकलचा दागिना पयल्यांदाच!"

"गप काम कर गड्या," आजोबा म्हणाले. "नक्षी नको काढू."

"नक्षी न्हाई. पर नाव घालू का पोरीचं?"

शुभांगी पहिल्यांदा हसली.

आजोबांनी लेथवर पितळेचा नवा मणी करून दिला. लेथ म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायचं मशिन. मण्याला आरपार भोक आणि एका बाजूला फुलासारखं पसरट तोंड. खराब झालेलं टोक कापून केबल त्या भोकातून ओवली. तारांची टोकं झाडूसारखी फुलवून मण्याच्या तोंडात बसवली, म्हणजे खेचलं तर उलट ती घट्ट अडकतील. आता प्रश्न होता डाग द्यायचा, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधायचं.

माझी भीती एकच होती. "भीमराव, तार तापून लाल झाली तर तिची ताकद जाईल."

"लाल झाली की मेलीच. म्हाईत हाय, वैनी. म्हून तर पितळंचा डाग न्हाई. कथील वापरतो, आन् त्यात चिमूटभर चांदी. कमी आचंवर वितळतं, धरतं मातुर वाघावानी."

त्यांनी छोट्या मुशीत कथील वितळवलं, चांदी सोडली. थर्मामीटर नव्हता. झाडूचा एक हीर काढून त्यांनी रसात टेकवला. हीर काळा झाला. "लय तापलंय." आच कमी केली, थोडं थांबून दुसरा हीर टेकवला. हा बदामी झाला. "आत्ता!" मणी रसात बुडला आणि बाहेर आला, तेव्हा चांदी-कथील तारांच्या मधून पार आतपर्यंत शिरलं होतं. माझ्या भिंगातून पाहिलं. कुठे फट नाही, कुठे बुडबुडा नाही. नोकरीत मी पुष्कळ सांधे तपासले आहेत. इतका स्वच्छ क्वचितच पाहिला. मी तसं सांगितलं.

"केरळात या वैनी," भीमराव खूश होऊन म्हणाले, "तिथं असं कोण बोलत न्हाई. गाळताना सोन्यात घट किती आली, नुसती ती इचारत्यात."

तेवढ्यात तात्या आले. "मी म्हणलंच हुतं. पर्देशी वाणाची गाडी. आपल्याकडं टिकायची न्हाई."

मी गाडीकडे पाहिलं. स्पोकच्या मुळाशीसुद्धा मातीचा कण नव्हता. "तात्या, ही गाडी धुतं कोण?"

"पाऊस धुतो," शुभांगी म्हणाली. "मी फक्त पुसते."

तात्या पायातल्या चपलेकडे बघत राहिले. "मीच धुतो," ते शेवटी म्हणाले. "ही झोपलेली असती तवा. हिरीवरची मोटर चालू करायची आन् पाइप धरायचा. चिखुल लय बसतो वो त्या लिव्हरात. आत पाइप घालून धुतो, चांगला."

विहिरीवरच्या मोटरच्या फवाऱ्यापुढे ग्रीस काय टिकणार? शुभांगी वडिलांकडे वळली. "तात्या, तुम्ही? आन् मला म्हणायचा, त्या धुडाला हात लावणार न्हाई!"

"हात कुटं लावला? पाइप लावला."

आजोबा जोरात हसले. तात्या हसले नाहीत. "माज्यामुळं तुटली म्हना की," ते मला म्हणाले. "आता ही धरंल का, वैनी?"

"वजन टांगून बघायला हवं. दाबताना केबलवर जो ताण येतो त्याच्यापेक्षा जास्त. पन्नास किलो हवेत आणि ते खात्रीचे हवेत."

तात्या तसेच घरी गेले आणि टेम्पोतून साखरेचं पोतं घेऊन आले. साखर कारखान्याचे सभासद म्हणून दिवाळीला त्यांना मिळालेलं, अजून शिलाईसुद्धा न उसवलेलं. "कारखान्याचा शिक्का हाय. पन्नास म्हंजी पन्नास."

लिव्हर छताच्या लोखंडी अँगलला आवळला, मणी खाचेत बसवला आणि केबलच्या खालच्या टोकाला पोतं टांगलं. आमची जेवणं होईपर्यंत ते लोंबकळत होतं. मी भिंग लावलं. मणी होता तिथेच होता. "पास," मी म्हणाले.

"थांबा," तात्या म्हणाले. त्यांनी पोत्याला मिठी मारली, पाय जमिनीवरून उचलले आणि शिवाय एक हिसका दिला. अशी टेस्ट मी कुठल्याही स्टँडर्डमध्ये वाचलेली नाही. फाटल्याचा आवाज आला. शुभांगी ओरडली. तात्या खाली बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर साखर पडत होती.

पोतं फाटलं होतं. मणी खाचेतच होता.

"आता पास," तात्या साखर झटकत म्हणाले.

शुभांगी ठरल्या वेळी साताऱ्याहून निघाली. घाट उतरून पोलादपूरला पोचल्यावर तिने घरी फोन केला. पोरीची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी तात्यांनी विचारलं, "क्लच कसा हाय?" हे तिनेच मला सांगितलं. पुढच्या टूरचीही तारीख तिला मिळाली. ती परत आल्यावर आजोबांनी पुण्याहून आलेली केबल बसवली, कारण तात्पुरतं काम कितीही देखणं असलं तरी माझ्या लेखी ते तात्पुरतंच. काढलेली केबल भीमराव केरळला घेऊन गेले. दुकानात दर्शनी भागात टांगली आहे म्हणे.

तात्या आता गाडी उघडपणे धुतात. बादली आणि फडकं घेऊन. मग गॅरेजमध्ये येऊन बोटावर थोडं ग्रीस मागून नेतात. आम्ही मात्र अजून मुंग्या आवरतो आहोत. तुमच्या सायकली तुम्ही पाइपने धुता, हे मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आहे. माया भरपूर असू द्या, पण पाणी बेताने घाला, आणि नंतर तेल द्या.