एकोणतीसचा पाढा

उद्या सकाळी दहावीचा पहिला पेपर आणि पूजा वसतिगृहात नाही! दोन दिवसांसाठी म्हणून घरी गेलेली पोर आईबापांबरोबर थेट निफाडला द्राक्षतोडणीला गेली होती. कळलं मात्र, सिस्टर सेराफिननी हेल्मेट चढवलं आणि स्कूटी काढली.

मदर सुपीरियरना विचारलं असतं, तर त्या ‘नको’ म्हणाल्या असत्या आणि आज्ञापालनाचं व्रत आडवं आलं असतं. म्हणून विचारायच्या भानगडीतच पडल्या नाहीत. देवाच्या कानावर घातलं, त्यानं काही हरकत घेतली नाही.

वसईहून ऐन विशीत हरसूलला आलेल्या सिस्टर तिथल्याच होऊन गेल्या होत्या. गणित शिकवायचं, पोरींच्या उवा काढायच्या, कुणी तापली की उशाशी बसून माळ जपायची. वर्गात पाऊल टाकतानाच पाढ्याची पहिली ओळ खणखणीत म्हणायच्या. पुढची पोरींनी उचलायची. जेवताना असो की झोपेत, सिस्टरांचा आवाज आला की तोंडातून पाढा बाहेर!

निफाडला तीन बागा पालथ्या घातल्या. चौथ्या बागेत पांढरा झगा दिसताच मजुरांची पोरं ओरडली, “सुईवाली आली रे!” आणि मांडवाखाली पसार झाली. सिस्टर खो खो हसल्या. तेवढ्यात पूजाचा बाप गेणू समोर आला.

“पूजा इथं नाय, सिस्टर. मामाकडं धाडली.”

“बरं बाबा,” सिस्टर म्हणाल्या. वेलींच्या रांगांकडे वळून त्यांनी सगळ्या ताकदीनिशी आवाज दिला, “एकोणतीस एके एकोणतीस!”

“एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!” पानांतून पूजाचा आवाज आला. “एकोणतीस त्रिक...”

गेणूनं कपाळावर हात मारला. “गप गं! तोडणी अर्ध्यावर हाय, माणसं कमी हायती. परीक्षा काय, पुढच्या साली दे.”

पुढच्या साली म्हणजे कधीच नाही, हे सिस्टरांना पुरतं ठाऊक होतं. आणि तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून जाडसर, थरथरता आवाज आला.

“एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक एकशे सोळा.”

घड बाजूला सारत पूजाची आई सगुणाबाई उभी राहिली. पूजाएवढी होती तेव्हा तीही सिस्टरांच्याच वर्गात बसायची आणि दहावीच्या तोंडावर अशीच बागेत आली होती. सिस्टर तेव्हाही आल्या होत्या, हाका मारून मारून घसा बसवून रिकाम्या हाती परतल्या होत्या.

“सगुणे, तू तेव्हा होतीस इथं?”

“व्हते, सिस्टर. असाच पाढा म्हणत व्हता तुमी. मी तोंडात पदर कोंबून बसले.”

सिस्टरांना रडू आवरेना. सगुणाबाईनं लेकीच्या हातातली कात्री घेतली, नवऱ्याकडे पाहिलं.

“तिची रांग मी तोडीन. जा गं पूजा.”

गेणू मान खाली घालून क्रेट उचलायला गेला.

सिस्टरांनी हेल्मेट काढून पूजाच्या डोक्यावर घट्ट बसवलं आणि स्कूटी दामटली. मागे बागेत सगुणाबाई दोन्ही रांगा तोडत होती आणि मोठ्यानं म्हणत होती, “एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस, एकोणतीस सक...”