तडा गेला तर पत्र टाका

चिखलसाहेब कुणाशी हात मिळवत नसत, लांबूनच नमस्कार करत. शिष्टपणा नव्हता तो! त्यांच्या उजव्या हातात सदा ओल्या मातीची गोळी असायची. बोलता बोलता ती तळव्यावर वळून शेवईसारखी बारीक करायची, तुटली की पुन्हा गोळा करायचा. न तुटता किती बारीक वळते, यावरून त्यांना त्या मातीचा स्वभाव कळे. गावातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं करून टाकलं. खरं नाव मलासुद्धा उशिरानेच कळलं.

दिवाळे गावाच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव, आणि तिथल्या शाळेवर मी मास्तरीण. साठ सालानंतरची गोष्ट. तुर्भे-रबाळ्याकडे कारखान्यांसाठी जमिनी बघणं चालू होतं, त्या जमिनीची माती तपासायला हे इंजिनियर आले होते आणि आमच्या गावात खोली घेऊन राहिले होते. आमची शाळा तेव्हा देवळात भरायची. कारण गावानं मोठ्या हौसेनं बांधलेली शाळा दुसऱ्याच पावसाळ्यात एका अंगाला कलली होती आणि भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली होती. नवी बांधायची म्हणून गावकरी त्यांना जागा दाखवायला घेऊन गेले. त्यांनी खड्डा खणवला, खालचा काळा गाळ बोटांत वळला, आणि म्हणाले, "बांधू की. पण एक वर्ष थांबा."

त्यांचं म्हणणं साधं होतं. खाडीचा गाळ म्हणजे पाण्यानं फुगलेली माती. तिच्यावर भार आला की पाणी हळूहळू निघून जातं आणि जमीन खचते. ते खचणं भिंती चढवण्याआधीच उरकून घ्यायचं. म्हणून त्यांनी त्या जागेवर मुरुमाचा डोंगर रचून घेतला. त्याच्या तळाशी लोखंडी पत्रा आणि पत्र्याला ढिगाबाहेर डोकावणारी उभी सळई. जमीन खचेल तशी सळई खाली जाणार. रोज सकाळी ते मोजणीच्या दुर्बिणीतून त्या सळईकडे बघत बसायचे. "मातीला घाई आपण करायची आणि तिनं फसवलं म्हणून बोंबही आपणच मारायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पुढे लग्नसराई आली आणि डोंगराचा एक कोपराच गायब झाला! घरोघरची अंगणं मात्र लालचुटूक. मी एका नवरीच्या आईला झापलं, तर ती म्हणाली, "बाय, यो मुरूम असाच परलाय, नि आमचं आंगन चिखलानं भरलंय. दोन पाट्या न्येल्या त काय झालं?" चिखलसाहेब एका शब्दानं रागावले नाहीत. त्याच अंगणात पंगतीला बसून जेवले, आणि हात धुऊन पुन्हा गोळी वळत मला म्हणाले, "भार कमी झाला, बाई. आता आणखी थांबावं लागंल."

माझं डोकंच फिरलं. भर मांडवात मी म्हटलं, "माती थांबते हो साहेब, पोरं थांबत नाहीत! देवळात दाटीवाटीनं किती दिवस बसतील? मुलगे होडीवर चालले. सहावीतली हिरा आईबरोबर मासळीची पाटी घेऊन फिरायला लागली. तुमची जमीन बसेल तोवर शिकवायला कुणी उरेल का?" त्यांच्या बोटांतली गोळी थांबली. लांबूनच नमस्कार करून ते निघून गेले. जास्त बोलले की काय, असं वाटून मी दिवसभर चुटपुटत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते देवळाच्या पायरीशी हजर. "बाई, शाळा त्या ढिगावरच भरवा की. मला भार हवाच आहे."

वर माडाच्या झापांचा मांडव घातला आणि शाळा डोंगरावर चढली. आपलंच पोर वर बसलंय म्हटल्यावर त्याच्याखालचा मुरूम कोण उचलणार? जाणारेयेणारे पाटीभर मुरूम उलट आणून टाकू लागले. हिरा सकाळी मासळी विकून यायची आणि पाटी पालथी घालून तिच्यावरच बसायची. आमचे सरपंच अंगानं भारी. ते दिसले की साहेब हाक मारायचे, "या या, बसा घटकाभर, तुमचा लई उपयोग आहे!" पोरं खो खो हसायची. होडीवर गेलेली दोघंतिघं गंमत बघायला म्हणून आली आणि राहिली. पोरांच्या वजनानं गाळाला काय फरक पडणार होता, हे साहेबांना ठाऊक असणारच. मी कधी विचारलं नाही.

पुढच्या दसऱ्याला सळई थांबली. मुरूम हलला, पाया भरला, आणि भिंती खिडकीपर्यंत आल्या तोच साहेबांना दूरच्या एका धरणावर बोलावणं आलं. निघताना त्यांनी पत्ता दिला. "भिंतीला तडा गेला तर पत्र टाका, बाई. मी असंन तिथून येईन."

"आणि नाही गेला तर?"

ते हसले. "मग कशाला पत्र?"

मी वेडी, खरंच तडा जायची वाट बघत राहिले. दर पावसाळ्यानंतर सगळ्या भिंती डोळ्यांत तेल घालून बघायची. कितीतरी वर्षांनी एकदा सातवीच्या वर्गात खिडकीखाली केसाएवढी रेघ दिसली. काय सांगू! पत्राचा मजकूरही मनात जुळला. मग जवळ जाऊन बोट फिरवलं, तर ती पेन्सिलीची रेघ! हिराच्या पोराचा उद्योग.

त्याला मी रागावले नाही. पदरानं रेघ पुसली आणि तास सुरू केला.