ओसरीवर भासरे

भासऱ्याशी सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. तो सख्खाच असला पाहिजे असं नाही. नवऱ्याहून वयानं मोठा आणि गावनात्यानं भाऊ लागणारा जो कोणी असेल तो भासरा. तो समोरून आला की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, भिंतीकडे तोंड करायचं आणि तो जाईपर्यंत भिंतीतल्या भेगा पाहत उभं राहायचं. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हा मी लग्न होऊन वैनगंगेकाठच्या त्या गावात आले. पहिल्या वर्षी नवऱ्याच्या तोंडापेक्षा गावातल्या भिंतीच मला जास्त ओळखीच्या झाल्या होत्या.

आता माझे बरेचसे भासरे देवाघरी गेलेत आणि जे उरलेत त्यांना ऐकू कमी येतं. तेव्हा ही गोष्ट मोठ्यानं सांगायला हरकत नाही.

आमच्या गल्लीच्या शेवटी माझ्या चुलतसासूचं घर होतं. सगळी गल्ली तिला मोठीमाय म्हणायची. नवरा वारलेला, मुलगी सिरोंच्याकडे दिलेली, एकुलता एक मुलगा चंद्रपूरला, म्हणजे तेव्हाच्या चांद्याला, शाळामास्तर. घरात पुरुषमाणूस औषधालाही नाही. पुस्तकात अशा घराला भकास म्हणतात. आम्हा सुनांना मात्र अख्ख्या गावात तेवढी एकच जागा होती, जिथं डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ शकत होता. घरचे पुरुष तलावावर मासे धरायला गेले की एकीचं सूप, दुसरीचं जाळं, तिसरीचं रडकं पोर असा सगळा बाजार मोठीमायच्या ओसरीवर भरायचा. तिथं मी माझ्या सासूची नक्कल करायचे. मोठीमाय डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची आणि वर म्हणायची, "अशी नाई वो चालत ते. डावा पाय जरासा ओढते." मग स्वतः उठून चालून दाखवायची.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मास्तर आले. आदल्या सुट्टीत नागपूरच्या कुण्या प्राध्यापकाच्या पाहणीत त्यांनी काम केलं होतं. शहरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या खोल्या धुंडाळायच्या आणि तुमच्याकडे कोण येतं, कोण जातं, ते विचारायचं. त्यातून त्यांना एक वाक्य सापडलं होतं, "वाढतं वय, घटता संपर्क." हे वाक्य ते मंगलाष्टकाच्या चालीवर म्हणत. पण माणूस वाईट नव्हता. एका खोलीत त्यांनी कुणी पाणी द्यायलाही नसलेला एक म्हातारा पाहिला होता, आणि तेव्हापासून त्यांना स्वप्नात त्या खोलीत आपली आई दिसायची. म्हणून ते तिला न्यायला आले होते. येताना रिकामी पेटीही घेऊन आले होते.

"माय, इथं तुझ्याकडे येतं कोण?"

"कोन नाई येत, ते विचार!"

"ठीक. उद्या दिवसभर मी ओसरीवर बसतो. पाहतो कोण येतं ते. कोणीच आलं नाही, तर तू माझ्यासोबत चांद्याला यायचं."

"बस नं गा. मोजून मोजून बोटं दुखतीन तुही."

इथं म्हातारी फसली. तिचाही दोष नाही. आईला मुलगा मुलगाच दिसतो, आपला पोरगा गल्लीतल्या झाडून साऱ्या सुनांचा भासरा आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि मास्तर गाव सोडून गेले तेव्हा आमच्यातल्या कुणाचंही लग्न झालेलं नव्हतं. आपण भासरे झालो आहोत, ही बातमी त्यांना कुणी कळवलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीच्या मधोमध खाटेवर बसले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, मांडीवर हात. देवळात मूर्ती बसवावी तसे. मी सूप घेऊन निघाले, वळणावरून त्यांना पाहिलं आणि जागच्या जागी भिंतीकडे तोंड केलं. मागून येणारी जाऊ माझ्यावर आदळली, तिच्या मागची तिच्यावर. आम्ही तिघी भिंतीला खेटून खेकड्यासारख्या आडव्या आडव्या सरकत त्या घरावरून पुढं निघून गेलो. ओसरीवरून मास्तरांचा आवाज आला, "पाहिलंस माय? तोंड फिरवून जातात लोक."

बाकीच्यांचं म्हणाल, तर ते तेंदूपत्त्याचे दिवस होते. पहाटेपासून अर्धं गाव जंगलात पानं तोडायला गेलेलं. शेजारचा एक म्हातारा तेवढा नेमानं मोठीमायच्या चुलीवर बिडी पेटवायला यायचा, तो आला. त्यानं पाय पायरीवर ठेवला आणि मास्तरांनी विचारलं, "बाबाजी, तुमचं वय काय? किती दिवसांनी येता इकडं? कशासाठी येता?"

म्हाताऱ्यानं बिडी कानावर ठेवली. "चुकून आलो बाप्पा," म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. मास्तरांनी तोही पुरावा धरला.

दुपार झाली. आम्ही साऱ्या एव्हाना घराच्या मागं, परसातल्या वाडीच्या काटेरी कुंपणापाशी जमलो होतो. तिथून उघड्या दारांतून ओसरीत बसलेल्या मोठीमायची पाठ दिसायची. सकाळी ताठ होती ती पाठ. आता जराशी वाकली होती. थोड्या वेळानं ती पाणी घ्यायच्या निमित्तानं वाडीत आली, आणि मी तिचा चेहरा पाहिला. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. आपल्याकडे कुणी येत नाही, हे तिला खरंच वाटायला लागलं होतं.

"काऊन वो पोरींनो, म्हातारी झाली म्हनून मले सोडलं काय?"

"अवो मोठीमाय, समोर भासरे बसले नं!"

"कोन भासरे?"

"तुहा लेक!"

म्हातारीनं दोन्ही हात कपाळावर मारले. तशीच धावत ओसरीवर गेली. पण मास्तर ऐकतात कुठं. ते म्हणाले, "माय, आता सबबी सांगू नको. बाहेर जाऊन साक्षीदार शिकवून आणतेस का?" झालं. ती पुन्हा जाऊन भिंतीला टेकली. पेटी आतल्या खोलीत उघडीच होती आणि तिच्यात तिची दोन लुगडी जाऊनही पडली होती.

भासऱ्याशी बोलायचं नाही हे खरं. पण भासऱ्याच्या देखत बकरीशी बोलू नये, असं काही कुठल्या रीतीत नाही. घरात कढी सांडायला लागली आणि भासऱ्याशिवाय कुणी नसलं, तर आमच्याकडच्या सुना भिंतीला सांगायच्या, "भिंती, कढी उतू जाते वो." मी माझी बकरी कानाला धरून ओढत आणली, ओसरीच्या कोपऱ्याशी उभी केली, पदर पार छातीपर्यंत ओढला आणि आवाज चढवला.

"काय वो बकरे! आंगनात दान्याची थाळी ठेवली. थाळीजवळ बोका बसवला. अन् दिवसभर बसून म्हनते, चिमन्या येत नाई! काऊन येत नाई? तं म्हने थाळी जुनी झाली! अवो, थाळीले काऊन बोल लावते? बोका उठव नं!"

खाटेची करकर ऐकू आली. मास्तर सरळ होऊन बसले होते.

मी बकरीचा दुसरा कान धरला. "अन् शहरातले म्हातारे एकटे हाये म्हनते. म्हातारे झाले म्हनून एकटे हाये, का पोट्टे नोकरीले निघून गेले म्हनून? कोनी विचारलं काय? का नुसतं वयच विचारलं?"

मग मास्तर हळूच आईला म्हणाले, "ही कोण बोलतेय?"

"बकरी," मोठीमाय म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज हसरा होता.

मास्तरांचा एक गुण सांगितलाच पाहिजे. हरकत पटली की ते लगेच मान्य करत. म्हणाले, "बरोबर आहे. पाहणारा दिसता कामा नये." आणि दिसता कामा नये म्हणून त्यांनी जी जागा निवडली, ती आठवली की मला अजून उचकी लागते. ओसरीच्या टोकाला धान साठवायची बांबूची उंच कणगी होती. उन्हाळ्यात ती रिकामी. मास्तरांनी टोपी काढली, धोतर खोचलं, उखळावर पाय ठेवला आणि चांद्याच्या शाळेत इतिहास शिकवणारा माणूस कणगीत उतरला. आईनं वरून सूप झाकलं.

आता गल्ली मोकळी झाली होती. आम्ही नेहमीसारख्या आलो असतो, नेहमीसारख्या बसलो असतो आणि सगळं सरळ झालं असतं. पण मोठीमायच्या पोटात असली मजा मावते थोडीच! ती वाडीच्या कुंपणाशी गेली आणि कुजबुजली, "माहा पोट्टा कनगीत बसला हाये. कोनाले सांगू नका."

साऱ्या गावाला कळलं. तेंदूची पानं घेऊन परतणारी माणसं भारे डोक्यावर घेऊनच आली. तलावावरून ओल्या जाळ्यांसकट पुरुष आले. बिडीवाला म्हातारा सगळ्यांच्या पुढं बसला. आमच्या सासवा, ज्या एरवी मोठीमायला "सुना बिघडवनारी" म्हणायच्या, त्याही आल्या. ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि प्रत्येकाचं तोंड मोठीमायकडे नाही, तर कणगीकडे!

"मोठीमायबिगर आमचा दिवस जात नाई!" एकजण कणगीला सांगत होता.

"रोज येतो आमी! रोज!" दुसरा ओरडला. त्याला त्या ओसरीत मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

माझ्या एका जावेनं तर पदराआडून गळा काढला, "मोठीमाय गेली तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू वो!" इतकं छान रडली की पोरं खरीच घाबरली.

तेवढ्यात कणगी शिंकली.

धानाचं कुसळ नाकात गेलं होतं. एक शिंक, दुसरी, तिसरी. सूप उडून खाली पडलं. ओसरी चिडीचूप झाली आणि त्या शांततेत बिडीवाला म्हातारा काळजीनं म्हणाला, "कनगीले सर्दी झाली वाटते."

मग जे हसू फुटलं! लोक हसत हसत पळाले, जाळी पायांत अडकली, पानांचे भारे सुटले. आम्ही सुना मागच्या वाडीत पळालो आणि कुंपणाच्या फटीला डोळे लावले.

मास्तर बाहेर आले. केसांत कोंडा, मानेवर, हातांवर लाल गांधी उठलेल्या. खाजवत खाजवत ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "सकाळी माझ्यामुळे कोणी आलं नाही. आता माझ्यामुळे सारं गाव आलं. माय, यात तू कुठी आहेस, तेच मले कळून नाई राह्यलं." पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली.

मोठीमाय खोबरेल घेऊन त्यांच्या मागं बसली. मानेला तेल चोळता चोळता म्हणाली, "मांगच्या हिवाळ्यात मी तुह्याकडे आली होती, आठोते?"

"हो."

"कोन आलं होतं तिथी माह्याकडे?"

मास्तर मनगट खाजवत म्हणाले, "दूधवाला."

"तो दुधासाठी आला होता. वय तं माहं इथी अन् तिथी एकच होतं नं गा? का चांद्याले जाऊन मी जास्त म्हातारी झाली होती?"

मग मास्तरांनी खरी गोष्ट काढली, जी दिवसभर त्यांच्या त्या वाक्याच्या मागं लपली होती. "पावसाळ्यात तुला ताप आला, ते मला पंधरवड्यानं समजलं. इथं एकटी पडून होतीस..."

"एकटी? तुले कोनी सांगतलं?"

"मी नव्हतो ना इथं!"

"तू नव्हता," म्हातारी म्हणाली. "या पोट्ट्या होत्या. एक जाये, दुसरी ये. पेज पाजली, पाय दाबले. हे बकरीवाली तं सासूची नक्कल करून मले हसवत होती, ताप उतरला तरी उठू देत नव्हती." तिनं तेलाचा हात त्यांच्या डोक्यावरून फिरवला. "तू नव्हता म्हनजे कोनीच नव्हतं, असं नसते, राजा."

कुंपणामागं आमच्यातलं कुणी हसलं नाही. मास्तर मान खाली घालून बसले होते. मानेवर तेल लागायला ते बरंच होतं म्हणा. मग ते आत गेले. पेटीतली दोन लुगडी काढून त्यांनी परत दोरीवर टाकली आणि पेटी बंद केली.

दोन दिवसांनी बैलांची रेंगी दाराशी आली. मी माझ्या दारात बकरीला झाडपाला घालत होते. मास्तर निघाले, माझ्या अंगणाशी थांबले, आणि मी भिंतीकडे तोंड केलं. ते खाकरले. मग बकरीकडे पाहून, चक्क हात जोडून म्हणाले, "बकरीबाई, तुमच्या मालकिणीले सांगा. आता ताप-बीप आला तं त्याच दिवशी पत्र टाका म्हणावं. अन् नक्कल चालू ठेवा."

बकरीनं त्यांच्या छत्रीचं टोक चावून पाहिलं. होकार असावा.

पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा आले. आम्ही ओसरीत ऐन रंगात होतो. सूप, जाळी, पोरं, नक्कल, सगळं. गल्लीच्या तोंडाशी खाकरल्याचा आवाज आला आणि आम्ही पदर ओढून उठायच्या तयारीत बसलो. पण समोर कुणी आलंच नाही. थोड्या वेळानं मागून काटेरी कुंपण करकरलं, कोंबड्या ओरडल्या आणि वाडीतून मास्तरांचा आवाज आला, "माय, धोतर अडकलं वो काट्यात!"

तेव्हापासून आमच्या गल्लीत सुना समोरच्या दारानं जात आणि भासरे मागच्या.